दीड पानांचा अर्ज

घरात ती शेंडेफळ होती. तीन भावंडांच्या पाठीवर झालेली, त्यांचे उतरलेले कपडे घालून वाढलेली. तिला कधी कुणी काही विचारलं नाही, की तिच्यावर काही सोपवलं नाही. पण विद्यापीठाच्या पाण्याच्या लॅबमध्ये पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी सरांनी तिला एकदम 'थोरली' करून टाकलं. झालं असं, की त्या वर्षी लॅबमध्ये दुसरी एक मुलगी आली आणि पहिल्याच दिवशी तिने इतके प्रश्न विचारले, की सरांनी दोन्ही हात कानांवर ठेवले.

"अगं, तू मुलगी आहेस की टिटवी? नदीकाठी तुझी भावंडं खूप आहेत. तिथेच नेऊन सोडतो तुला."

मग ते शेंडेफळाकडे वळले. "थोरले, हिला सांभाळ. आजपासून ही तुझी धाकटी."

तेव्हापासून ती थोरली आणि ही टिटवी. विद्यापीठाच्या हजेरीपटावर दोघींची नावं होती, पण ती तिथेच राहिली.

शहराबाहेर नदी जिथे वळण घेते, तिथे सरांनी बावीस बोअर पाडून घेतल्या होत्या. पाणी उपसायला नव्हे, नुसतं बघायला. पाऊस थांबून चार-पाच महिने झाले तरी नदी वाहत असते; मग ते पाणी येतं कुठून? जमिनीखालून किती येतं, कोणत्या बाजूने येतं, येताना शेतातलं खत किती घेऊन येतं, असा सरांचा प्रश्न होता. दर पंधरा दिवसांनी दोघी तिथे जायच्या. मोजपट्टी बोअरमध्ये सोडायची, तिचं टोक पाण्याला लागलं की वर एक बारीक 'टीं' वाजायचं, तो आकडा लिहायचा. मग पाणी काढून बाटली काठोकाठ भरायची आणि पाण्यातच तिचं झाकण लावायचं, कारण आत हवेचा एवढासा बुडबुडा राहिला तरी तपासणीचा आकडा बिघडतो. "बुडबुडा म्हणजे खोटी साक्ष," सर म्हणायचे, आणि प्रत्येक बाटली उलटी करून उजेडात धरायचे. टिटवी त्यांना चिडवायला लेबलावर तारखेच्या खाली लिहायची, 'बुडबुडा नाही, शप्पथ.'

थोरलीचं काम पाण्याच्या पातळीचं. टिटवीचं त्या बाटल्यांमधल्या पाण्याचं. दोघींचं मानधन सरांच्या एकाच प्रकल्पातून निघायचं. अनुदान देणाऱ्या संस्थेच्या कागदावर सर 'मुख्य संशोधक' आणि या दोघी 'संशोधन सहायक'. फी, वसतिगृहाची खोली, दोन वेळचं जेवण, सगळं त्या दोन शब्दांवर उभं होतं. टिटवीच्या घरात तर तिच्याआधी कुणी शाळेच्या पुढे गेलेलं नव्हतं. आई कारखान्यात पिशव्या शिवायची, पाठचे दोघे अजून शिकत होते. "माझी असिस्टंटशिप लागली तेव्हा आईने शेजारणीला सांगितलं, मुलीला पाणी बघायची नोकरी लागली," असं सांगून टिटवी पोट धरून हसायची. "शेजारीण म्हणाली, अगोबाई, मीटर तपासायला येणार का मग?"

दोघी एकाच खोलीत राहत होत्या. एकीची चप्पल दुसरीच्या पायात असायची. थोरली कमी बोलायची, टिटवी दोघींच्या वाटचं बोलायची, त्यामुळे हिशेब बरोबर बसायचा.

थोरलीच्या पाचव्या वर्षी आणि टिटवीच्या तिसऱ्या वर्षी सर आजारी पडले.

आधी नुसती भूक मेली. मग पाठ दुखायला लागली. सर म्हणाले, बोअरवर वाकून वाकून झालं असेल. तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं की पोटातला आजार आहे, पसरलेला आहे, महिन्यांची गोष्ट आहे. काकू सरांच्या बायको. त्यांनी मुलाशी बोलून ठरवलं, की सरांना एवढं सगळं सांगायचं नाही. उपचार चालू आहेत, वेळ लागेल, एवढंच सांगायचं. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही दारातच तशी ताकीद मिळायची.

विद्यापीठाच्या कार्यालयात प्रकल्पांचे कागद बघणाऱ्या एक बाई होत्या. जाड भिंगांचा चष्मा, बोलणं तोडून टाकल्यासारखं. मुलं त्यांना टरकून असायची. त्यांनी एके दिवशी थोरलीला जिन्यातच थांबवलं आणि कार्यालयात नेऊन तिच्या हातात एक कागद ठेवला.

"हा हस्तांतरणाचा अर्ज. दीड पानांचा आहे. मुख्य संशोधकाला काम जमणार नसेल तर तो आपल्या सहीने प्रकल्प दुसऱ्या प्राध्यापकाच्या नावावर करू शकतो. तसं केलं तर तुमच्या दोघींचं मानधन चालू राहतं."

"आणि नाही केलं तर?"

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "मग प्रकल्प त्यांच्या नावावर आहे, तो त्यांच्याबरोबर बंद होतो. मी कडू बोलते आहे, पण तुला कळायला हवं. सही त्यांचीच लागते. मुलाची नाही, बायकोची नाही, विभागप्रमुखांची नाही."

थोरलीने ते टिटवीला सांगितलं. दोघी मिळून पाइपवाल्या सरांकडे गेल्या. त्यांचा विषय शहराच्या पाइपांची गळती. भूजलाशी त्यांचं फारसं देणंघेणं नव्हतं, पण माणूस भला. त्यांनी काही न विचारता आपल्या जागी सही केली, खाली तारीख टाकली. "त्यांची सही आणा, बाकी मी बघतो," म्हणाले. म्हणजे आता फक्त एक सही उरली होती.

"मी येते बरोबर," टिटवी म्हणाली. "मी विचारते त्यांना. मला कुठे लाज आहे?"

"तू तोंड उघडू नकोस," थोरली म्हणाली. "माणूस तिकडे जिवाशी झगडतोय आणि आपल्याला मानधनाचं पडलंय, असं वाटेल त्यांना. शिवाय त्यांना काही माहीत नाही. हा कागद पुढे ठेवणं म्हणजे त्यांना सांगणंच झालं, की तुम्ही आता परत येत नाही. मी बघते कसं ते. वेळ बघून काढते."

थोरलीचा शब्द टिटवी मोडत नसे.

पहिल्यांदा ती गेली तेव्हा सर हॉस्पिटलात होते. हातात सलाईन, पण आवाज तोच. "सात नंबरची पातळी काय म्हणतेय?" त्यांनी ती दारात असतानाच विचारलं. सात नंबरची बोअर सगळ्यांत लहरी होती. थोरलीने आकडे सांगितले, त्यांनी बोटाने चादरीवर आलेख काढला, नदी इथे, बोअर इथे. अर्ध्या तासाने नर्सने घड्याळ दाखवलं. आज नको, असं थोरलीला वाटलं. इतकं छान बोलले, आज कशाला.

दुसऱ्यांदा ती घरी गेली. सर खुर्चीत बसले होते, उन्हाकडे पाठ करून. तीन आठवड्यांत माणूस निम्मा झाला होता. काकूंनी चहा आणला. सर म्हणाले, "मी उठलो की आपण पलीकडच्या काठावर आणखी सहा बोअर पाडू." थोरली म्हणाली, "हो सर." काकू आत निघून गेल्या. बॅगेतला तो कागद तिला मांडीवर ठेवलेल्या दगडासारखा जड वाटत होता. सहा बोअरची गोष्ट करणाऱ्या माणसापुढे तो कसा काढायचा?

इकडे टिटवी दररोज विचारायची. "ताई, घोडं कुठे पेंड खातंय? एक सही तर आहे." मग तिनेच विचारणं कमी केलं. मग फक्त बघायची. थोरली खोलीत शिरली की आधी तिच्या चेहऱ्याकडे, मग तिच्या बॅगेकडे.

तिसऱ्यांदा सर पुन्हा हॉस्पिटलात होते. त्या दिवशी ते फारसं बोलले नाहीत. तिची वही मागून घेतली, पानं उलटली. वाचत होते की नुसती उलटत होते, कोण जाणे. वही परत देताना त्यांनी तिचा हात धरून ठेवला.

"थोरले, अजून काही आहे का? काही काम होतं?"

तिने बॅगेत हात घातला. कागद हाताला लागला. त्याची घडी, घडीवरची क्लिप, सगळं बोटांना कळत होतं. जीभ रेटेना. तिने बॅगेतून रुमाल काढला आणि उगीच तोंड पुसलं.

"नाही सर. काही नाही."

"बरं," सर म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.

चार दिवसांनी, मंगळवारी सकाळी, दोघी नदीवर होत्या. चौदाव्या बोअरवर फोन आला. थोरलीने ऐकलं आणि फोन खिशात ठेवला. टिटवीला काही सांगावं लागलं नाही. ती तशीच ओल्या गवतात खाली बसली.

बऱ्याच वेळाने थोरली म्हणाली, "उरलेल्या आठ करून जाऊ."

टिटवीने तिच्याकडे वेड्यासारखं बघितलं, पण उठली. त्यांनी उरलेल्या आठही बोअर मोजल्या, आठ बाटल्या भरल्या. टिटवी रडत रडत आकडे लिहीत होती. त्या दिवसाच्या पानावर अक्षरं खालीवर गेली आहेत, पण आकडा एकही चुकलेला नाही.

पंधरवडा उलटल्यावर कार्यालयातून बोलावणं आलं. जाड चष्म्याच्या बाईंनी फाइल उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "मी तुला कागद कधी दिला होता गं?"

"नऊ आठवडे झाले."

बाईंनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा एखाद्या दमलेल्या मावशीसारखा दिसत होता. "बाई गं," त्या एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी सांगायचं ते सांगितलं. महिनाअखेर प्रकल्प बंद. दोघींचं मानधन बंद. मानधनावरच मिळालेली खोली, म्हणून खोलीही गेली. अनुदानातलं उरलेलं संस्थेला परत जाणार. पाइपवाल्या सरांनी संस्थेला पत्र लिहिलं, विनंती केली, स्वतः जाऊनही आले. नियम तो नियम, उत्तर आलं. आभाळच फाटलं तिथे ठिगळ कुठे लावणार?

टिटवीने त्या दिवशी एका शब्दानेही थोरलीला दोष दिला नाही. रात्री झोपताना फक्त म्हणाली, "ताई, आपण काहीतरी करू. दोघी मिळून करू." ते ऐकून थोरलीला जास्त रडू आलं.

तिसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी थोरलीला एकटीला बोलावलं. त्यांच्या टेबलावर एक छापील पान होतं.

"विभागाकडे शिकवणी सहायकाची एक जागा आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घ्यायची. वर्षाची आहे, पुढे वाढेल. जिचं काम जास्त झालंय तिला द्यायची, असा नियम आहे. तुझं जवळजवळ संपत आलंय. पाइपवाले तुझे मार्गदर्शक व्हायला तयार आहेत."

"आणि ती?"

"एकच जागा आहे," विभागप्रमुख म्हणाले. "तू नाही म्हणालीस तर तिला मिळेलच असंही नाही, रांगेत दुसऱ्या लॅबची मुलं आहेत. आज सही केलीस तर बरं. उद्या समितीची बैठक आहे."

त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. थोरलीने मनात धरलं ते एवढंच, की मिळेलच असं नाही. तिला आईचा आवाज आठवला, 'पाच वर्षं झाली गं, आता तरी संपव.' भावांची तोंडं आठवली. तिने पेन घेतलं आणि सही केली. हात कापला नाही. पुढे कित्येक वर्षं तिला त्याच गोष्टीचं नवल वाटत राहिलं.

खोलीवर जाऊन सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. टिटवी सूचनाफलकावरून आणि इंटरनेटवरून शोधलेल्या शिष्यवृत्त्यांची यादी करत बसली होती. यादीत दोघींसाठी दोन रकाने होते. 'ताई' आणि 'मी'. ते बघून थोरलीला वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी वाटलं, संध्याकाळी सांगू. तेही राहिलं, आणि तिसऱ्या दिवशी समितीचा निर्णय फलकावर लागला.

थोरली लॅबमध्ये होती. टिटवी आत आली आणि दार लावून त्याला टेकून उभी राहिली. ती ओरडली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं.

"कधी सही केलीस?"

"परवा."

"परवा." टिटवीने मान हलवली. "परवा रात्री मी तुझ्या नावाने तीन अर्ज भरले."

"ऐक ना. तुला मिळालीच नसती ती जागा. मी विचारलं त्यांना. रांगेत दुसरी—"

"मला जागेचं काही नाही, ताई. तुझं काम माझ्यापुढे आहे, मला कळतं. तू येऊन सांगितलं असतंस तर मीच म्हणाले असते, घे." ती दारापासून एक पाऊल पुढे आली. "पण मला एक सांग. सरांपुढे कागद काढायला तुला लाज वाटली. तीन वेळा वाटली. मला जाऊही दिलं नाहीस. मग विभागप्रमुखांपुढे सही करताना ती लाज कुठे गेली होती?"

थोरलीने समोरची वही मिटली.

"मी सगळ्यांना सांगत होते, ताईचं मन फार हळवं आहे," टिटवी म्हणाली. "आईला सांगितलं. कार्यालयातल्या बाईंशी भांडले तुझ्यासाठी. म्हटलं, तिच्याच्याने झालं नाही, तिला बोलू नका."

ती दार उघडून निघून गेली.

त्यानंतर दोघी एकाच खोलीत अकरा दिवस राहिल्या. टिटवी खूप लवकर उठून जायची, उशिरा यायची. अकराव्या दिवशी थोरली प्रॅक्टिकल घेऊन परत आली, तर समोरची खाट उघडी होती, गादी गुंडाळून ठेवलेली. लॅबची किल्ली तिने पहारेकऱ्याकडे देऊन ठेवली होती. नमुन्यांचं रजिस्टर शेवटच्या तारखेपर्यंत लिहून पूर्ण केलं होतं, सुवाच्य अक्षरात, समासही आखलेले. चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हतं. थोरलीने रजिस्टरचं प्रत्येक पान दोनदा उलटून बघितलं.

महिन्याभराने, नमुने थंड ठेवायची शीतखोली रिकामी करायची नोटीस आली. ती जागा दुसऱ्या प्रकल्पाला मिळाली होती. आत टिटवीच्या बाटल्या होत्या, हजाराच्या वर. त्यांची तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत व्हायची होती आणि त्याला लागणारं अनुदान परत गेलं होतं. थोरलीने चार विद्यापीठांना पत्रं लिहिली, कुणी फुकट ठेवून घेतं का म्हणून. तिघांनी उत्तर दिलं नाही, एकाने दिलगिरी कळवली.

मग तिने एप्रन घातला, मोरीपाशी उभी राहिली आणि एकेक बाटली उघडून ओतायला लागली. लॅबचा शिपाई म्हणाला, "मॅडम, द्या, मी ओततो, अर्ध्या दिवसाचं काम आहे." तिने त्याला परत पाठवलं. चार नंबरच्या पाण्याला लोखंडाचा वास यायचा. अकरा नंबरचं जरा पिवळट. दोन वर्षांच्या पंधरवड्या-पंधरवड्याचं पाणी, एका मुलीच्या डॉक्टरेटचं पाणी, ते जाळीवरून गोल फिरून खाली जात होतं. लेबलं वाचायची नाहीत, असं तिने ठरवलं होतं. पण दुसऱ्याच खोक्यात तिची नजर गेली. 'बुडबुडा नाही, शप्पथ.' ती तिथेच फरशीवर बसली आणि पाचवीतल्या मुलीसारखी हुंदके देऊन रडली. मग उठली. सगळ्या बाटल्या ओतायला तिला दोन दिवस लागले.

सरांची काही पुस्तकं तिच्याकडे राहिली होती. ती द्यायला ती काकूंकडे गेली. काकूंनी तिला सरांच्याच खोलीत बसवलं. टेबल आवरलेलं होतं, इतकं आवरलेलं की बघवत नव्हतं. इकडचं तिकडचं झालं. मग काकूंनी विचारलं, "आणि ती तुझी धाकटी? ती नाही आली?"

थोरलीने सांगितलं. सगळं सांगितलं, कागद, तीन भेटी, तो रुमाल. स्वतःची एकही बाजू राखली नाही. सांगताना ती खाली फरशीकडे बघत होती, त्यामुळे काकूंचा चेहरा तिला दिसला नाही. बोलणं संपल्यावर तिने वर बघितलं. काकूंनी पदराऐवजी हातातला पुसायचा फडकाच तोंडाला लावला होता.

"त्यांनी विचारलं होतं गं मला," काकू म्हणाल्या. "शेवटच्या महिन्यात. म्हणाले, मुलींच्या कागदांचं काहीतरी करायला हवं, ऑफिसात कळव. मीच म्हटलं, बरे झालात की तुम्हीच करा, घाई काय आहे. मला वाटलं, हो म्हटलं तर त्यांना कळेल." त्यांनी फडक्याची घडी घातली. "मग त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, बरं."

थोरलीला ते 'बरं' ऐकू आलं. हातातला हात, मिटलेले डोळे. म्हणजे ते विचारत होते. 'काही काम होतं?' असं त्यांनी विचारलं, तेव्हा ते तिला दार उघडून देत होते. आणि तिने बाहेरून ते ओढून घेतलं होतं. सगळ्यांनी एकमेकांना जपलं होतं. आणि ते जपणं ज्या मुलीच्या अंगावर पडलं, तिला कुणीच काही विचारलं नव्हतं.

"मला शिव्या दे," काकू म्हणाल्या. "निदान तू तरी दे."

"मी कोणत्या तोंडाने देऊ, काकू?"

दोघी अंधारून येईपर्यंत बसल्या. दिवा लावायला कुणी उठलं नाही.

थोरलीचा प्रबंध दोन वर्षांनी पूर्ण झाला. पातळीच्या आकड्यांवर जेवढं सांगता येतं तेवढं तिने सांगितलं. पाणी कुठून येतं, हे सांगता आलं. ते बरोबर काय घेऊन येतं, हे सांगता आलं नाही. त्या प्रकरणाच्या जागी, तपासणी होऊ शकली नाही, असं एक वाक्य आहे. या दोन वर्षांत तिने टिटवीला पत्रं लिहिली, निरोप पाठवले. उत्तर नाही. कार्यालयातल्या बाईंनीच शेवटी पत्ता दिला. टिटवी बाटलीबंद पाण्याच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात लागली होती. तिच्या गावापासून फार लांब नाही.

थोरली प्रबंधाची एक प्रत घेऊन गेली. आभाराच्या पानावर सरांच्या खालोखाल टिटवीचं नाव होतं, तिचं खरं, पूर्ण नाव, आणि पुढे चार ओळी. त्या चार ओळी लिहायला तिला एक महिना लागला होता.

कारखान्याच्या बाहेरच्या खोलीत तिला वीस मिनिटं थांबावं लागलं. मग टिटवी आली. पांढरा कोट, केसांवर जाळीची टोपी. किंचित भरली होती, बरी दिसत होती. तिला बघून ती दारात क्षणभर थांबली.

"या ना," ती म्हणाली. "बसा."

थोरली बसली. टिटवीने पाणी मागवलं. प्रवास कसा झाला विचारलं. घरचे कसे आहेत विचारलं. स्वतःचंही सांगितलं, धाकट्या भावाची शाळा संपली, आईने शिवणकाम सोडलं, इथले लोक चांगले आहेत. सगळं व्यवस्थित, पाहुण्याला सांगतात तसं. मधे एकदाही तिने प्रश्नावर प्रश्न विचारले नाहीत.

थोरलीने प्रबंध पुढे केला, ते पान उघडून. टिटवीने उभ्या-उभ्या वाचलं. चार ओळी वाचायला लागावा त्याहून जास्त वेळ ती त्या पानाकडे बघत होती. मग तिने पुस्तक मिटलं आणि टेबलावर ठेवून परत थोरलीकडे सरकवलं.

"छान लिहिलंय तुम्ही. पण हे असू द्या तुमच्याकडेच. मी भाड्याच्या खोलीत राहते, पुस्तकं ठेवायला जागा नाही."

"माझं चुकलं," थोरली म्हणाली. वाटेत पाठ केलेलं लांबलचक बोलणं सगळं गळून पडलं आणि एवढंच उरलं. "सही घ्यायची राहिली, तेही चुकलं. आणि नंतरचं तर फारच."

टिटवी खिडकीबाहेर बघत होती. बाहेर ट्रकमध्ये खोकी चढत होती.

"हो," ती म्हणाली. "चुकलं तुमचं." आवाजात राग नव्हता. "मी पुष्कळ दिवस वाट बघितली, तुम्ही हे येऊन म्हणाल म्हणून. अगदी त्या अकरा दिवसांत सुद्धा. आता ऐकून त्याचं काय करू, तेच मला कळत नाही."

आत घंटा झाली. तिने टोपी सारखी केली. "पाळी बदलते आहे, मला जावं लागेल. तुमची बस फाटकासमोरच थांबते. जपून जा."

बसमध्ये थोरलीला खिडकीजवळ जागा मिळाली. प्रबंध मांडीवर होता. शहर दिसायला लागलं तेव्हा आईचा फोन आला. आईला माहीत होतं ती कुठे गेली होती ते. सकाळपासून तिचा जीव तिकडेच लागला होता.

"भेटली का गं तुझी टिटवी?"

"भेटली."

"मग? काय म्हणाली?"

थोरलीने काच थोडी खाली केली. वारा आत आला.

"बसा म्हणाली, आई."

"जेवलीस का तू?" आईने विचारलं.